गोदेतलं सूक्ष्मप्लास्टिक: जलचरांना धोका किती, हे ठरवायचं कसं?

गोदाकाठी (रविवार, रात्री ९:१०)

पंचवटीत राहते. आमचा छोटा गट रविवारी सकाळी गांधी तलावापासून खाली टाळकुटेश्वर पुलापर्यंत काठावरचा कचरा वेचतो. बाटल्या, पिशव्या, चंदेरी मुलामा दिलेले द्रोण, निर्माल्याच्या गाठोड्यांची प्लास्टिकं, हे सगळं उचलता येतं. पण उन्हानं तडकलेल्या पिशव्या हातात धरल्या की त्यांचा भुगा होतो. 'कापडी' म्हणून दुकानदार देतात त्या नॉन-वोव्हन पिशव्या तर सगळ्यात वाईट. त्या मुळात पॉलिप्रॉपिलीनच्याच, आणि थोडे दिवस उन्हात राहिल्या की धागे-धागे सुटे होतात. तो भुगा वाळूत, चिखलात, शेवाळात मिसळतो आणि तिथं आमचे हात टेकतात.

५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात, एवढं वाचलंय. अमुक नदीत लिटरमागे इतके कण सापडले, अशा बातम्याही वाचते. पण त्या आकड्यावरून पाण्यातल्या जिवांचं काय होतंय ते कळत नाही. मासे, शिंपले, गोगलगायी, चिखलातल्या अळ्या यांना किती कणांपर्यंत चालतं आणि कुठून पुढे बाधतं? हे कोणी आणि कसं ठरवतं?

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाटांची कामं चालू आहेत, लाखो लोक येतील. त्याआधी आपण नागरिकांनी नेमका कशासाठी आग्रह धरायचा, हे मला समजून घ्यायचंय. जाणकारांनी लिहावं.

माई७२

फार चांगला विषय काढलास गं. आम्ही लहानपणी रामकुंडाच्या खालच्या अंगाला पाय सोडून बसायचो, तर बारीक मासे येऊन पायाला टोचायचे. दिवे सोडायचे ते पानाच्या द्रोणात. आता द्रोण कागदाचा दिसतो, पण आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो सोडताना कोणाच्या मनातही येत नाही. विकणाऱ्या बायकांना पानाचे द्रोण कोणी पुरवले तर त्या घेतील, मी विचारून पाहिलंय.

शंकासुर

विषय महत्त्वाचा आहे, पण क्रम चुकतोय असं मला वाटतं. नदीतला मासा आज मरतो तो प्राणवायूअभावी. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी योग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत हवा. नाल्यातून सांडपाणी येऊन मिळतं त्या जागी उन्हाळ्यात पहाटे प्राणवायू मोजा, तिथं सूक्ष्मप्लास्टिकचा प्रश्नच उरत नाही, कारण प्लास्टिक खायला मासाच नसतो.

शिवाय या क्षेत्रातल्या सनसनाटी निष्कर्षांबद्दल सावध राहावं. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या दोघा संशोधकांचा शोधनिबंध आला होता. पर्च माशाची पिल्लं खऱ्या अन्नापेक्षा प्लास्टिकचे कण पसंत करतात, असा त्याचा दावा. जगभर गाजला. मूळ विदा (डेटा) उपलब्ध नव्हता, चौकशी झाली आणि २०१७ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. ही बातमी मात्र अजून फिरते आहे.

पाणकावळा

शंकासुर, तो निबंध मागे घेतला हे बरोबर. पण म्हणून बाकीचं सगळं काम बाद होत नाही. प्लास्टिकचे कण प्राण्यांच्या पोटात जातात याला भरपूर स्वतंत्र पुरावा आहे. साउथ वेल्समधल्या नद्यांत कीटकांच्या अळ्या तपासल्या तेव्हा जवळपास निम्म्या नमुन्यांत प्लास्टिक निघालं. त्या अळ्या खाणारा डिपर नावाचा पाण्यात बुडी मारणारा छोटा पक्षी आहे. तो दिवसाला सुमारे २०० कण गिळतो, असा अंदाज कार्डिफच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडला, आणि तो आपल्या पिल्लांनाही तेच भरवतो.

मी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जातो, म्हणून हे मनात घर करून बसलंय. आपल्याकडचा थापट्या आठवा. चपटी चोच पाण्यात फिरवत पाणी गाळून खाणारं बदक. त्याला अळी आणि धागा वेगळे कसे करता येणार?

अणुरेणू

पाण्याच्या तपासणीत काम करते, मूळची नाशिकरोडची. मूळ प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देते.

धोका दोन गोष्टी मिळून ठरतो. प्राण्यापर्यंत किती पोचतं, आणि किती पोचलं म्हणजे त्याचं बिघडतं. पहिली गोष्ट नदीत मोजायची, दुसरी प्रयोगशाळेत. दुसरीसाठी शेवाळ, डॅफ्निया म्हणजे पाणपिसवा, चिखलातल्या अळ्या, शिंपले, मासे अशा वेगवेगळ्या जिवांना वाढत्या मात्रेत कण देतात. मेले की नाही एवढंच बघत नाहीत. वाढ खुंटली का, पिल्लं कमी झाली का, खाणं मंदावलं का, हे बघतात. डॅफ्नियाची पिल्लं मोजायची चाचणी २१ दिवस चालते. अशा बऱ्याच प्रजातींचे आकडे जमले की ते चढत्या क्रमानं मांडतात आणि ९५ टक्के प्रजाती सुरक्षित राहतील ती पातळी काढतात. त्या पातळीला आणखी सुरक्षेसाठी एखाद्या संख्येनं भागतात. मग नदीतली मात्रा भागिले ही पातळी. उत्तर १ च्या वर गेलं की काळजीचं कारण आहे.

कीटकनाशकासाठी ही रीत चांगली चालते, कारण एका कीटकनाशकाचा रेणू सगळीकडे सारखाच. प्लास्टिकचं तसं नाही. प्रयोगात बहुतेक वेळा बाजारात विकत मिळणारे पॉलिस्टायरीनचे गोल, गुळगुळीत, एकाच मापाचे मणी वापरले गेले, आणि तेही नदीत कधी आढळत नाहीत इतक्या दाट मात्रेत. नदीत असतात धागे, पापुद्रे, चुरा. वेगवेगळ्या मापांचे, वर शेवाळाचा आणि जिवाणूंचा थर चढलेले. शिवाय नदीत मोजणी बहुधा ३०० मायक्रॉनच्या (०.३ मिलिमीटर) आसपासच्या छिद्रांच्या जाळीनं होते. पाणपिसू खाते ते कण त्याहून कितीतरी लहान. म्हणजे जो आकडा आपण मोजतो तो पाणपिसवेच्या ताटातला नाहीच.

म्हणून बातमीतल्या 'लिटरमागे इतके कण' या आकड्यावरून धोका काढता येत नाही, गोदाकाठी. कण किती मापाचे, कुठल्या आकाराचे आणि त्या जागी कोण काय खातं, हे तीन सोबत हवेत.

शब्दवेडा

वाचनखूण साठवली. अणुरेणूताई, पुढचं येऊ द्या.

द्राक्षबाग

निफाड तालुक्यात शेती. सगळे घाटावर बोट दाखवतात म्हणून लिहितो, आमच्या शेतातनं पण जातंय.

टोमॅटोला मल्चिंग पेपर टाकतो, २५ मायक्रॉनचा. बांबू-तारेवर झाड बांधायला प्लास्टिकची सुतळी. काढणी संपली की सुतळी सोडवत बसायला मजूर कोण लावणार? वेली, सुतळी आणि राहिलेला पेपर सगळं रोटाव्हेटरखाली. रोटाव्हेटर त्याचे बारीक तुकडे करतो आणि पहिल्या जोरदार पावसात ते चारीत, चारीतनं नाल्यात, नाल्यातनं गोदावरीत. द्राक्षावर क्रॉप कव्हर आलंय, ते वाऱ्यानं फाटतं. ड्रिपच्या जुन्या नळ्या भंगारवाला हसत घेतो. मातीनं भरलेला मल्चिंग पेपर कोणी हातात घेत नाही, कारण त्याला भाव नाही.

पेपर वापरायचं बंद करा म्हणणं सोपं आहे. पाणी वाचतं, तण कमी येतं, खुरपणीचा खर्च वाचतो. मला वाटतं तो परत गोळा करून घ्यायची सोय गावात पाहिजे. जाड पेपर घेतला तर तो अखंड निघतो, पातळ घेतला तर चिंध्या होतात. आम्ही पैसे वाचवायला पातळ घेतो.

गोदाकाठी

द्राक्षबाग दादा, हे कोणी इतकं स्पष्ट लिहीत नाही. मनापासून आभार.

मुंबईनाका

टायर कोणी मोजतंय का? आमचं गॅरेज आहे. टायर गुळगुळीत होतो म्हणजे त्याचं रबर कुठेतरी गेलंच ना. हायवेवर रोज किती गाड्या, आणि पहिल्या पावसात रस्त्यावरचं काळं पाणी थेट गटारात.

अणुरेणू

मुंबईनाका, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. टायरची झीज हा सूक्ष्मप्लास्टिकचा मोठा स्रोत मानला जातो, आणि धोका कसा शोधतात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तिथलंच आहे.

अमेरिकेत सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो सॅमन अंडी घालायला यायचे आणि पाऊस पडला की अंडी घालायच्या आधीच मरायचे. कित्येक वर्षं कारण सापडेना. डिसेंबर २०२० मध्ये उलगडा झाला. टायर तडकू नये म्हणून त्यात ६-पीपीडी नावाचं रसायन घालतात. त्याचा ओझोनशी संयोग होऊन ६-पीपीडी-क्विनोन तयार होतं आणि ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं. कोहोसाठी ते इतकं विषारी की नंतरच्या सुधारित मोजणीनुसार लिटरला एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मात्रेत निम्मे मासे मरतात.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग पुढचा. त्याच ओढ्यांत येणाऱ्या चम सॅमनला या रसायनानं फारसं काही होत नाही. जवळचे नातेवाईक, पण एकाचा जीव जातो आणि दुसरा तरून जातो. प्रयोगशाळेतल्या लाडक्या डॅफ्नियालाही फरक पडला नाही. आता सांगा, युरोपात आणि अमेरिकेत चार-पाच ठरावीक प्राण्यांवर काढलेली सुरक्षित पातळी आपल्या मरळीला, शिवड्याला, वांबीला, गोदेतल्या शिंपल्याला लावायची कशी? आपल्या प्राण्यांवर चाचण्या व्हायला हव्यात. हा माझा आग्रह आहे आणि तो मी नोकरीतही मांडत असते.

शंकासुर

हा मुद्दा मान्य. पण हे विष टायरमधल्या रसायनाचं झालं, कणाचं नाही. कण स्वतः काय करतो?

अणुरेणू

पहिली गोष्ट, पोटातली जागा अडवतो. जेवणाआधी कुरमुरे खाऊन बसलेलं पोर जसं पानावर जेवत नाही, तसं. अन्नाबरोबर निरुपयोगी कण गेले की प्राण्याला तेवढंच खाऊन कमी पोषण मिळतं. तो लगेच मरत नाही. वाढ मंदावते, अंडी कमी होतात. छोट्या प्राण्यांच्या बाबतीत हाच परिणाम सगळ्यात जास्त वेळा दिसला आहे. धारदार तुकडे आणि धागे आतड्याच्या आवरणाला इजा करू शकतात, आणि धागे गोळा होऊन अडकतात.

दुसरं, प्लास्टिक बनवताना घातलेली रसायनं पाझरतात. मऊपणा आणणारी, रंग देणारी, ऊन सोसायला मदत करणारी. पाण्यातलं इतर विष प्लास्टिकला चिकटून पोटात जातं हेही लोक सांगतात, पण सांडपाण्यानं भरलेल्या नदीत प्राण्याला ते विष पाण्यातून आणि अन्नातून आधीच मिळत असतं. त्यामुळे त्यात प्लास्टिकचा वाटा बऱ्याचदा लहान निघतो. आतलं रसायन मात्र प्लास्टिकबरोबरच येतं.

तिसरं म्हणजे कणावर बसलेले जिवाणू. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची जनुकं अशा थरांवर आढळली आहेत, आणि कण ती घेऊन पुढे वाहत जातो.

विणकर

मालेगावचा आहे. आमची नदी मोसम, पुढे गिरणा, म्हणजे पाणी तापीला जातं, गोदावरीला नाही. तरी लिहितो, कारण धाग्यांचा विषय निघाला.

यंत्रमागावर पॉलिस्टर आलं तसा कारखान्यातला भुरका बदलला. पूर्वी सुताचा असायचा. दुसरी गोष्ट घराघरातली. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात अक्रिलिक कपड्यांच्या ६ किलोच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त धागे सुटले. नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत जास्त सोडतो. तेव्हा घाटावर पिशव्या फेकणारा एक गुन्हेगार शोधून भागणार नाही. माझ्या अंगावरचा शर्टपण त्यात आहे.

सातासमुद्रापार

+१. फ्रान्सनं २०२० च्या कायद्यात नवीन वॉशिंग मशीनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून धागे अडवणारी गाळणी असावी असं म्हटलं होतं. गंगापूर रोडला घरी आलो की आईला साड्या मशीनमध्ये घालू नकोस सांगतो, तर ती म्हणते तूच धू. धुतो मग.

माई७२

बरं करतोस. हातानं धुतलेली साडी टिकते पण जास्त.

भोईवाडा

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. आजोबांची जाळी सुताची होती, ती कुजायची, दरवर्षी विणायला लागायची. आता नायलॉनची. फाटली की काठावर पडून राहते, नाहीतर पाण्यात. त्याचे तुकडे पडतातच. संक्रांतीनंतर नायलॉन मांजाचे पुंजकेच्या पुंजके जाळ्यात येतात, बंदी असली तरी.

मासे काय राहिले विचाराल तर चिलापी (तिलापिया). मरळ कमी झाली, शिवडा तर दिसला की गर्दी जमते. हे प्लास्टिकनं झालं असं मी म्हणणार नाही. घाण पाणी, जलपर्णी, वाळूउपसा, पाणी सोडण्याच्या वेळा, सगळं आहे. पण एक बघा. मोठा मासा आपण पोट काढून खातो. बारीक मासळी लोक अख्खी खातात, सुकवून पण अख्खीच. आमच्याकडं ताटात तीच जास्त असते. तेव्हा पोटातलं कुठं जातं ते आम्हाला विचारा.

शंकासुर

भोईवाडा, तुम्ही सगळी कारणं सांगितलीत ते बरं झालं. माझं म्हणणं तेच होतं. पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर आधी सांडपाणी अडवा.

पाणकावळा

सांडपाणी अडवा, यात दुमत कोणाचंच नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच नाल्यातून येतात. नंदिनी (आपली नासर्डी) टाकळीला गोदेत मिळते, वाघाडी पंचवटीत. त्या नाल्यांतून विष्ठा, साबण, पिशव्या, पॉलिस्टरचे धागे सगळं एकत्रच वाहतं. नाला अडवला आणि पाणी शुद्धीकरण केंद्रात नेलं, तर चांगल्या केंद्रात ९० टक्क्यांहून जास्त सूक्ष्मप्लास्टिक पाण्यातून निघतं.

अणुरेणू

निघतं म्हणजे गाळात जातं. तो गाळ खत म्हणून शेतात टाकला की द्राक्षबाग दादांच्या चारीतून परत नदीत. म्हणून गाळाचं पुढे काय होतं हे विचारायलाच हवं.

आणि शंकासुर, क्रम ठरवताना एक फरक लक्षात घ्या. सांडपाणी थांबलं तर नदी दोन-चार पावसाळ्यांत बरीच सावरते. प्राणवायू परत येतो, अळ्या येतात, मासे येतात. प्लास्टिक थांबवलं तरी आधी पडलेलं तिथंच राहतं आणि आणखी बारीक होत जातं. मोठा तुकडा माशाच्या तोंडात मावत नाही, बारीक झाला की अळीच्याही मावतो. म्हणजे आजची पिशवी उद्याच्या वेगळ्याच प्राण्याचा धोका आहे. आजचा आकडा १ च्या खाली आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही ते यामुळे.

गंगापूररोडकर

पण पूर येतो ना दरवर्षी. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की सगळं धुऊन जातं. निसर्ग स्वतःची स्वच्छता करतो.

पाणकावळा

धुऊन जातं कुठे, हा प्रश्न आहे. मँचेस्टरच्या परिसरातल्या नद्यांचे तळ २०१५-१६ च्या हिवाळ्यातल्या पुरांच्या आधी आणि नंतर तपासले होते. अभ्यास २०१८ मध्ये आला. तळातलं सुमारे ७० टक्के सूक्ष्मप्लास्टिक पुरानं वाहून नेलं होतं. तिथून ते समुद्रात जातं. आपली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, पण त्याआधी नाशिकखाली गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे आणि पुढे जायकवाडी. पाणी संथ झालं की गाळ बसतो, गाळाबरोबर कणही बसतात.

नांदूरमध्यमेश्वर जानेवारी २०२० मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. गाळानं भरत चाललेली उथळ दलदल आहे, म्हणून तर पक्षी येतात. त्या गाळातच अळ्या, गोगलगायी, शिंपले राहतात. म्हणजे नाशिकचं प्लास्टिक नाशिकमधून नाहीसं झालेलं दिसतं, तेव्हा ते सगळ्यात नाजूक जागी जाऊन बसलेलं असतं. मला या चर्चेतलं सगळ्यात जास्त हेच टोचतं.

द्राक्षबाग

सायखेड्याच्या पुलाला जलपर्णी अडकते तेव्हा येऊन बघा. तिच्या मुळ्यांत काय काय गुंतलेलं असतं. ती काढून काठावर टाकतात, वाळते, आणि त्यातलं प्लास्टिक पुढच्या पुरात परत आत.

शब्दवेडा

तरंगणारं प्लास्टिक तळाला जातं कसं? पिशवी तर पाण्यावरच राहते.

अणुरेणू

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते तरंगतं. बाटलीचं पेट पाण्याच्या १.३८ पट जड, पीव्हीसी साधारण १.४ पट, नायलॉन १.१४ पट. ती बुडतात. पॉलिस्टरचा कपडा म्हणजे पेटच. आणि हलक्या कणावरही शेवाळ चढलं, माती चिकटली की तोही खाली जातो. म्हणून फक्त वरचं पाणी गाळून 'कण कमी निघाले' असं म्हणणं फसवं आहे.

शंकासुर

अणुरेणू, एक तांत्रिक शंका. काही अहवालांत 'प्रदूषण भार निर्देशांक' आणि 'बहुवारिक (पॉलिमर) धोका निर्देशांक' असे आकडे देऊन नदी थेट 'अतिधोकादायक' ठरवतात. त्यांचं काय?

अणुरेणू

उत्तम प्रश्न. भार निर्देशांकात प्रत्येक ठिकाणचे कण सगळ्यात स्वच्छ ठिकाणाच्या कणांशी ताडून बघतात. त्यातून कुठे जास्त साचलंय ते कळतं, पण एकाही प्राण्यावर काय परिणाम होतो याची त्यात काहीच माहिती नसते. बहुवारिकाच्या निर्देशांकात प्रत्येक प्लास्टिकला तो ज्या मूळ रसायनापासून बनतो त्याच्या घातकतेचे गुण देतात. ही गुणांची पद्धत २०११ च्या एका स्वीडिश अभ्यासातली. पीव्हीसी व्हिनाइल क्लोराइडपासून बनतं, ते कर्करोगकारक, म्हणून पीव्हीसीला प्रचंड गुण. पण तयार पीव्हीसीच्या तुकड्यात ते रसायन अत्यल्प उरलेलं असतं. त्यामुळे नमुन्यात पीव्हीसीचे दोन तुकडे आले की आकडा आभाळाला भिडतो, आणि पॉलिथिलीनचे हजार पापुद्रे असूनही नदी 'ठीक' दिसते. जागा निवडायला हे निर्देशांक वापरा. धोका आहे की नाही याचा निकाल त्यांच्यावर देऊ नका.

शंकासुर

पटलं. हे वर्तमानपत्रांपर्यंत पोचायला हवं.

आजोळनाशिक

अवांतर: संक्रांतीला येवल्याला मामाकडे जायचो. तेव्हा मांजा घरी सुताचा करायचे, अंगणभर दोरे ताणलेले असायचे. नायलॉन आल्यापासून मामानं पतंग उडवणं सोडलं. घुबड अडकलेलं बघितलं होतं त्यानं.

गोदाकाठी

सगळं पुन्हा पुन्हा वाचतेय. आता मूळ प्रश्नाकडे येते. आमच्यासारख्या साध्या लोकांना काही मोजता येईल का? प्रयोगशाळेसारखं नाही, पण पुढे कोणी अभ्यासक आला तर उपयोगी पडेल असं काही. आणि महापालिकेकडे नेमकं काय मागायचं?

अणुरेणू

मोजता येईल. वरच्या पाण्यापेक्षा तळाचा गाळ घ्या, आणि त्याच जागी परत परत घ्या. माझी निवड अशी: गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला एक, सोमेश्वरजवळ एक, रामकुंडाच्या खाली, टाकळीला नंदिनी मिळाल्यानंतर, आणि नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यात, तिथे वनविभागाची परवानगी काढून. एकदा पावसाआधी, एकदा पूर ओसरल्यावर.

गाळ स्टीलच्या नाहीतर काचेच्या डब्यात, झाकण धातूचं. अंगावर सुती कपडे, नाहीतर स्वतःचेच धागे मोजत बसाल. शेजारी एक डबा स्वच्छ गाळलेलं पाणी भरून उघडा ठेवा, हवेतून किती धागे पडले ते त्यात कळतं आणि नंतर वजा करता येतं. घरी मिठाच्या संपृक्त पाण्यात गाळ ढवळून स्थिर होऊ द्यायचा, हलकं प्लास्टिक वर येतं. पेट आणि पीव्हीसी त्यात येणार नाहीत, त्यासाठी झिंक क्लोराइडचं जड द्रावण लागतं आणि ते प्रयोगशाळेतच करावं, घरी अजिबात नको. कुठला कण कुठल्या प्लास्टिकचा हे अवरक्त किरणांच्या यंत्रावर ठरतं. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाकडे विचारा.

आणि याइतकंच महत्त्वाचं, त्याच गाळातले प्राणी मोजा. लाल अळ्या, गोगलगायी, शिंपले, चतुराच्या अळ्या, काय आहे आणि किती. कण वाढले आणि प्राणी बदलले हे एकाच जागेवर सलग दिसलं, तरच धोक्याबद्दल बोलायला आधार मिळतो. शंकासुरांचा प्राणवायूही त्याच दिवशी मोजा. नाहीतर कोणाचा दोष कोणावर जाईल.

माझं आजचं मत विचाराल तर वाहत्या पाण्याच्या मध्यावर मला कमी काळजी वाटते. नाले मिळतात त्याखालचा संथ पाण्याचा तळ आणि बंधाऱ्यामागचा गाळ, इथले चिखलात राहणारे जीव सगळ्यात आधी तपासायला हवेत.

पाणकावळा

मागण्यांची यादी माझ्याकडून. नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या आणि त्या रोज साफ करायला माणसं, कारण भरलेली जाळी पहिल्या पावसात फुटते. सिंहस्थात घाटांवर प्लास्टिकच्या पापुद्र्याचे द्रोण आणि नॉन-वोव्हन पिशव्या विकायला मनाई. राज्यात २०१८ पासून आणि देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आहे, तिच्यातल्या फटी इथं बुजवा. शुद्धीकरण केंद्रातल्या गाळाची तपासणी करून तो कुठे जातो ते जाहीर करा. काढलेली जलपर्णी काठावर न टाकता उचला.

द्राक्षबाग

त्यात मल्चिंग पेपर परत घ्यायची सोय घाला. बाजार समितीच्या आवारात एक जागा दिली तरी पुरे, शेतकरी माल घेऊन येतोच.

शंकासुर

घाला नक्की. प्राणवायू मोजायचं किट माझ्याकडे आहे. टाकळीच्या नमुन्याला मी येतो, पहाटेच यावं लागेल, सूर्य वर आला की शेवाळामुळे आकडा वाढतो.

माई७२

पानाच्या द्रोणांचं मी बघते. पेठ-सुरगाण्याकडून पळसाची पानं आणणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत.

भोईवाडा

टाकळीच्या खाली गाळ कुठे बसतो ते मी दाखवतो. काठावरून घ्याल तर वाळूच येईल, होडी लागेल. आमची आहे.

गोदाकाठी

मग येत्या रविवारी पहाटे साडेपाचला टाकळी. स्टीलचे डबे मी आणते. सुती कपडे घालून या, आणि नंतर मिसळ खायची असेल तर आपापली ताटली सोबत ठेवा. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच लिहा, होडीत किती जण मावतात ते भोईवाडा दादा सांगतील.

भोईवाडा

पाच. पोहता येणारे आधी.